सिएरा नेवाडातल्या चिनी मजुरांच्या मागावर

अमेरिकेतल्या पहिल्या आंतरखंडीय रेल्वेचा पश्चिमेकडचा भाग सेंट्रल पॅसिफिक कंपनीने बांधला. तो बांधणाऱ्या दर दहा मजुरांतले नऊ चिनी होते. ऐन भरात दहा-बारा हजार चिनी माणसं एका वेळी कामावर होती. त्यांतल्या एकाचंही पत्र किंवा रोजनिशी आजवर सापडलेली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१२ पासून अमेरिकेत आणि चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात कसून शोध घेतला. वस्तू मिळाल्या, मस्टर मिळाले, छायाचित्रं मिळाली, पण मजुराने आपल्या कामाबद्दल लिहिलेला एक कागद मिळाला नाही. या माणसांच्या मनात काय चाललं असेल, ते म्हणूनच कादंबरीकारांना लिहावं लागलं.

प्रवास दोन पुस्तकांच्या आधाराने आखला होता. एक मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांचं ‘चायना मेन’ (१९८०). त्यात सिएरा नेवाडात राबलेल्या आजोबांवर एक प्रकरण आहे. दुसरी लॉरेन्स येप यांची किशोरांसाठी लिहिलेली ‘ड्रॅगन्स गेट’ (१९९३). तिचा मोठा भाग डोंगरातल्या बोगद्याच्या कामावर घडतो. जिथे जाऊ तिथे एकच गोष्ट तपासायची होती: पुस्तकातला प्रसंग इथल्या दगडावर आणि इथल्या उतारावर बसतो का? बहुतेक बसतात. सगळ्यात गाजलेला एक बसत नाही, आणि त्याच्या जागी जे खरोखर घडलं ते त्या प्रसंगाहून कितीतरी अवघड होतं.

पहिला दिवस : सॅन फ्रान्सिस्को

चायनाटाउन म्हटलं की पर्यटक ग्रँट अॅव्हेन्यूवर जातात. मजुरांचा इतिहास शोधणाऱ्याने एक गल्ली वर, स्टॉक्टन स्ट्रीटवर जावं. इथे स्थानिक लोकांचा रोजचा बाजार भरतो. सुक्या मालाच्या दुकानांत पोत्यापोत्यांनी सुके कालव, सुके माकुळ, सुकी मासळी, वाळवलेले अळंबे, बांबूचे सुके कोंब, समुद्री शेवाळ आणि खारवलेला कोबी मांडलेला असतो. वास थेट आपल्याकडच्या सुक्या बोंबलाच्या बाजाराचा.

ही यादी महत्त्वाची आहे, कारण डोंगरावरच्या चिनी टोळ्यांचं जेवण जवळजवळ याच जिनसांचं होतं. त्याला भात, शेंगदाण्याचं तेल, डुकराचं मांस, कोंबडी आणि चहा यांची जोड. गोऱ्या मजुरांना कंपनी जेवण देई: गोमांस, बटाटे, घेवडा, पाव. चिनी मजुरांना आपलं धान्य पगारातून विकत घ्यावं लागे. मात्र टोळीचा आचारी स्वतंत्र असे. तो दिवसभर चहा उकळून सुरुंगाच्या दारूच्या रिकाम्या पिंपांतून, कावडीने, कामावर पोचवी. पाणी उकळलेलं असल्यामुळे हगवणीचा त्रास चिनी टोळ्यांत कमी होता. संध्याकाळी अंघोळीचं पाणी तापवायचं कामही त्याचंच. एखाद्या कादंबरीत चिनी मजूर ओढ्याचं कच्चं पाणी ओंजळीने पिताना दिसला, तर लेखकाने ही बाजू पाहिलेली नाही असं समजावं.

इथे न्याहारीला जूक घ्यावं, म्हणजे तांदळाची पातळ पेज, वर खारवलेलं अंडं आणि डुकराच्या मांसाचे तुकडे. सकाळच्या धुक्यात ती पोटाला बरी वाटते. बहुतेक मजूर पर्ल नदीच्या खोऱ्यातल्या ताइशान, कायपिंग, शिन्हुई आणि एनपिंग या चार तालुक्यांतले. कँटोनीज भाषेचीच, पण शहरी माणसाला चटकन न कळणारी अशी त्यांची बोली. आजही स्टॉक्टन स्ट्रीटवरच्या जुन्या दुकानदारांच्या तोंडून ती ऐकू येते.

याच रस्त्यावर ८४३ क्रमांकाला ‘सिक्स कंपनीज’ची इमारत आहे. एकेका तालुक्याच्या लोकांच्या मंडळांची ही शिखर संघटना. बोटीवरून उतरलेल्या माणसाला राहायला जागा देणं, काम मिळवून देणं, कर्जाचा हिशेब ठेवणं ही कामं ही मंडळं करत. आणखी एक काम होतं: परदेशात मेलेल्या माणसाच्या अस्थी काही वर्षांनी उकरून, स्वच्छ करून, गावी पोचवणं. १८७० मध्ये सॅक्रामेंटोच्या एका वृत्तपत्राने रेल्वेमार्गावरून आलेल्या अशा अस्थींचं वजन २० हजार पौंड असल्याची बातमी दिली आणि त्या सुमारे १,२०० माणसांच्या असाव्यात असा अंदाज केला. कंपनीने मृत चिनी मजुरांची मोजदादच ठेवली नाही, त्यामुळे मृतांच्या आकड्याचा सगळा वाद असल्या बातम्यांभोवती फिरतो.

जवळच, क्ले स्ट्रीटवर, चायनीज हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ अमेरिकाचं संग्रहालय आहे. ते आठवड्यातले सगळे दिवस उघडं नसतं. वेळा आधी पाहून दिवस ठरवावा. १९६९ मध्ये रेल्वेच्या शताब्दीचा सोहळा युटामध्ये झाला, तेव्हा या सोसायटीचे अध्यक्ष फिलिप चॉय यांना ठरलेलं भाषण करू दिलं गेलं नाही. वाहतूकमंत्री जॉन व्होल्पी यांनी मात्र, बर्फाखालच्या डोंगरांत बोगदे खणणं अमेरिकनांशिवाय कोणाला जमलं असतं, अशा अर्थाचं भाषण ठोकलं. चिन्यांचा उल्लेख नाही. खणणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणालाही त्या काळच्या कायद्याने अमेरिकेचं नागरिक होता येत नव्हतं. पुढच्या दहा-वीस वर्षांत चिनी-अमेरिकन लेखकांनी रेल्वेवर इतकं का लिहिलं, हे त्या एका दुपारवरून कळतं.

दुसरा दिवस : सॅक्रामेंटो आणि लॉक

सॅक्रामेंटोला जुन्या शहरातच, नदीकाठी, कॅलिफोर्निया स्टेट रेलरोड म्युझियम आहे. सकाळी दहाला दार उघडताच आत जावं, दुपारनंतर शाळांच्या सहली येतात. सेंट्रल पॅसिफिकचं पहिलं इंजिन ‘गव्हर्नर स्टॅनफर्ड’ इथे उभं आहे. चिनी मजुरांवरचं कायमचं दालन २०१९ मध्ये सुरू झालं. त्याला निदान दीड तास ठेवावा.

इथल्या एका वयस्कर स्वयंसेवकाने मस्टरचा मुद्दा नीट उलगडून सांगितला. रेल्वे कंपनीच्या पगारपत्रकांत गोऱ्या मजुरांची नावं एकाखाली एक येतात. चिन्यांची येत नाहीत. तिथे टोळीच्या मुकादमाचं नाव, टोळीचे भरलेले दिवस आणि एकूण रक्कम एवढंच. महिन्याचा पगार सोन्याच्या नाण्यांत मुकादमाच्या हाती पडे. तो किराण्याचे, आचाऱ्याचे पैसे कापून बाकी वाटून देई. जानेवारी १८६४ च्या पत्रकात हंग वाह हे नाव येतं, ते अशाच एका मुकादम-ठेकेदाराचं. जी नावं ‘आह’ने सुरू होतात, ती तर कित्येकदा नुसती हाक मारायची नावं. मजूर निनावी राहिला तो या हिशेबाच्या पद्धतीमुळे. आपल्या भोर घाटाच्या रेल्वेकामावर (१८५६ ते १८६३) हीच मुकादमी पद्धत होती. तिथल्या २५ बोगद्यांत राबलेल्यांचीही नावं म्हणूनच उरलेली नाहीत.

पगाराचे आकडे कादंबऱ्यांत बऱ्याचदा चुकतात, म्हणून ते इथे देतो. सुरुवातीला महिना २६ डॉलर, मग ३० ते ३१, आणि १८६७ च्या वसंतात ३५. गोऱ्या साध्या मजुराला साधारण तेवढाच आकडा, पण वर जेवण आणि राहण्याची सोय. म्हणजे कागदावर पगार एक झाला तरी हातात पडणारी रक्कम एक नव्हती. आणखी एक गोष्ट लेखकांनी जपावी. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १८५४ च्या निकालानंतर चिनी माणसाची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध चालत नसे. १८६० च्या दशकातल्या कथेत चिनी मजूर कोर्टात उभा राहून गोऱ्या मुकादमाविरुद्ध साक्ष देऊ लागला, की कथा तिथेच कोसळते.

दुपारी गाडीने लॉकला गेलो. सॅक्रामेंटोपासून दक्षिणेला साधारण तीस मैल, नदीच्या बंधाऱ्यावरून जाणारा रस्ता, दोन्हीकडे नासपतीच्या बागा. इथलं ऊन दमट आणि चिकट असतं. हा सगळा त्रिभुज प्रदेश पूर्वी लव्हाळ्यांची दलदल होता. रेल्वे संपल्यावर मोकळ्या झालेल्या चिनी टोळ्यांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून इथले बंधारे घातले. १८६० ते १८८० या काळात ८८ हजार एकर जमीन अशी वर काढली गेली. पीट माती इतकी भुसभुशीत की घोडे रुतत. त्यांच्या खुरांना रुंद पायताणं बांधून काम चाले.

लॉक हे गाव १९१५ चं. शेजारच्या वॉलनट ग्रोव्हचा चिनी मोहल्ला जळाल्यावर ग्वांगडोंगमधल्या चोंगशानच्या लोकांनी जॉर्ज लॉक या जमीनदाराच्या जागेवर ते वसवलं. १९१३ च्या कायद्याने त्यांना जमीन विकत घेता येत नव्हती, म्हणून घरं त्यांची आणि जमीन दुसऱ्याची. घराखालची जमीन घरमालकांना विकत मिळायला २००४ साल उजाडलं. मुख्य रस्ता पाच मिनिटांत संपतो. लाकडी माड्या एकीकडे कललेल्या. दाय लॉय हा जुगाराचा अड्डा आता संग्रहालय झाला आहे, तो चुकवू नये. आतली फान-तानची टेबलं आणि लॉटरीचा कोपरा पाहिला की महिनाभराचा पगार रविवारी कुठे जाई ते समजतं. गावात जेवायचं तर अॅल्स प्लेसमध्ये स्टेकबरोबर पीनट बटर देतात. जोडी ऐकायला विचित्र वाटली तरी खाऊन पाहावी.

तिसरा दिवस : केप हॉर्न

अॅमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीची ‘कॅलिफोर्निया झेफर’ सॅक्रामेंटोहून सकाळी अकराच्या सुमारास सुटते आणि दुपारी डोंगरापलीकडच्या ट्रकी गावाला पोचते. गाडीला निरीक्षण डबा असतो. त्यात उजव्या बाजूची जागा धरावी, अमेरिकन नदीची दरी त्या बाजूला आहे. डोंगर ओलांडल्यावर मात्र डावीकडे सरकावं, डॉनर तलाव तिकडे दिसतो. कोलफॅक्स गेलं की काही मिनिटांतच केप हॉर्न नावाचं डोंगरकड्यावरचं वळण येतं. इथे नंतर टाकलेली दुसरी लाइन बोगद्यातून जाते, त्यामुळे आपल्या गाडीला कुठली लाइन मिळेल ते सांगता येत नाही. जुनी बाहेरची मिळाली तर नशीब. पायी रुळांवर अजिबात जाऊ नये. मालगाड्यांची वर्दळ मोठी आहे आणि वळणावर गाडी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

कादंबऱ्यांतला सगळ्यात गाजलेला प्रसंग इथला. मजुरांना वेताच्या टोपल्यांत बसवून कड्यावरून खाली सोडलं जातं, ते लोंबकळत दगडाला भोकं पाडतात, दारू भरतात, वात पेटवतात आणि वर ओढा म्हणून दोर हलवतात. ‘चायना मेन’मध्ये आजोबा असेच टोपलीत बसतात. वाचताना श्वास अडकतो, इतकं ते वर्णन जिवंत आहे.

पण त्या काळच्या नोंदींत टोपल्या नाहीत. कामाच्या वर्षांतली वृत्तपत्रं आणि अभियंत्यांचे अहवाल त्याबद्दल काही बोलत नाहीत. टोपल्यांची कथा कित्येक वर्षांनी छापून आली. जुन्या प्रवासी मार्गदर्शिकेत एवढंच आहे की पहिली पायठेवणी कोरणाऱ्या माणसांना दोरांनी धरून ठेवलं होतं. डब्याच्या काचेतून उतार नीट न्याहाळला की याचं कारण कळतं. नदी तेराशे फूट खाली आहे खरी, पण कडा भिंतीसारखा सरळ नाही. तो छातीवर येणारा तिरका उतार आहे, मधूनमधून झाडं धरून ठेवणारा. अशा उतारावरून टोपली खाली सोडली तर ती लोंबकळणार नाही, खरवडत आणि उलटत जाईल. कमरेला दोर बांधून, टाच रोवून उभा राहिलेला माणूस मात्र इथे काम करू शकतो. आधी पाऊल मावेल एवढी खाच, मग दोन पावलांची, मग घमेलं ठेवता येईल एवढा कट्टा, असं करत रेल्वेची वाट रुंद होत गेली. १८६५ मध्ये सुरू झालेलं हे वळण १८६६ च्या मे महिन्यात पुरं झालं.

टोपली काढली म्हणून कादंबरी खोटी ठरत नाही. उंचीची भीती, वातीचा हिशेब, दोर धरणाऱ्या गाववाल्यावरचा भरवसा हे सगळं दोरावरच्या माणसालाही लागू होतं. आज नव्याने लिहिणाऱ्याने मात्र दोरच लिहावा.

गाडी उशिरा पोचते हे धरूनच ट्रकीचा मुक्काम आणि पुढची गाडी ठरवावी. भाड्याची मोटार स्टेशनवर ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नये.

चौथा दिवस : डॉनर समिट

ट्रकीहून जुन्या डॉनर पास रस्त्याने वर जायला वीस मिनिटं पुरतात. उंची साधारण सात हजार फूट. सप्टेंबरातही सकाळी बोटं गारठतात आणि दुपारी ऊन चटके देतं, म्हणून कपडे थरांत घालावेत. जूनपर्यंत बर्फ असू शकतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वणव्यांचा धूर दरीत भरला तर काही दिसत नाही, तेव्हा निघण्याआधी हवेचा अंदाज पाहावा. पाणी सोबत न्यावं, वर काही मिळत नाही. तळ धरणारे बूट हवेत, कारण ग्रॅनाइटची गुळगुळीत पाठ उतरताना घसरायला होतं.

१९२६ च्या कमानी पुलाजवळ गाडी लावून थोडं चढलं की आधी मार्टिस या इथल्या मूळ रहिवासी लोकांची हजारो वर्षांपूर्वीची शिलाचित्रं लागतात. त्यांच्या वरच ‘चायना वॉल’ आहे. सातव्या आणि आठव्या बोगद्यांमधली घळ भरण्यासाठी रचलेली, सुमारे ७५ फूट उंचीची दगडी भिंत. चुना नाही, सिमेंट नाही. बोगद्यातून निघालेला ग्रॅनाइटच घडवून एकात एक बसवलेला. अगदी जवळ जाऊन पाहिलं तर मोठ्या दगडांच्या फटींत हाताच्या पंजाएवढ्या चिपा ठोकून बसवलेल्या दिसतात. त्या पाचरी वजन सारखं वाटून देतात, आणि पाणी फटींतून निघून जातं म्हणून बर्फाने भिंत फुगत नाही. सव्वाशे वर्षं हिच्यावरून आगगाड्या गेल्या. १९९३ मध्ये इथले रूळ उचलले गेले आणि सगळी वाहतूक १९२५ च्या नव्या, लांब बोगद्याने होऊ लागली. झेफरही त्यातूनच जाते, त्यामुळे गाडीतून हा जुना मार्ग हाताशी येत नाही.

जुन्या बोगद्यांची जमीन रेल्वेची आहे. जिथे मनाईची पाटी असेल तिथे आत शिरू नये. भिंत आणि बोगद्यांची तोंडं पायवाटेवरून दिसतात, तेवढ्याने भागतं.

सहाव्या क्रमांकाचा समिट बोगदा हे सगळ्या रेल्वेचं सर्वात अवघड काम. लांबी १,६५९ फूट, रुंदी १६ फूट, बाजूच्या भिंती ११ फूट आणि वर अर्धगोल कमान. काम कसं चाले ते पाहा. तीन माणसांची तुकडी. एक जण पहार दगडावर धरून बसतो, दोघे आळीपाळीने आठ पौंडी घण घालतात. प्रत्येक घावानंतर पहार धरणारा ती किंचित फिरवतो. फिरवली नाही तर पोलाद अडकून बसतं आणि भोक वाकडं जातं. भोकातला चुरा लांब दांड्याच्या पळीने काढायचा, दारू भरायची, वर माती ठासायची, वात लावायची. ग्रॅनाइट इतका कठीण की पहारींची तोंडं भराभर बोथट होत. त्या लोहाराकडे नेणं-आणणं हेच काही पोरांचं दिवसभराचं काम. बार नीट बसला नाही तर दगड तसाच राही आणि दारू भोकातून तोफेसारखी उलटी बाहेर येई. आत उजेड मेणबत्त्यांचा, हवा धुराची, पाळी आठ तासांची, काम अहोरात्र. एवढं करून एका तोंडावर दिवसाला सरासरी १.१८ फूट.

म्हणूनच कंपनीने डोंगराच्या माथ्यावरून ७३ फूट खोल विहीर खणली. तळाला पोचल्यावर मजूर तिथून दोन्ही दिशांना खणू लागले. अशी दोनाऐवजी चार तोंडं मिळाली. दगड वर ओढायला एक जुनं रेल्वे इंजिन सुटं करून बैलगाडीवरून डोंगरावर चढवलं होतं.

१८६७ च्या फेब्रुवारीपासून नायट्रोग्लिसरीन हे जहाल स्फोटक आलं आणि वेग १.८२ फुटांवर गेला. १८६६ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत नायट्रोग्लिसरीनच्या पेटीचा स्फोट होऊन माणसं मेली होती. त्यानंतर त्याची ने-आण अशक्य झाली, म्हणून ग्लिसरीन आणि आम्लं वेगवेगळी वर आणून जेम्स हाउडन हा रसायनतज्ज्ञ ते बोगद्याशेजारीच तयार करी. त्याला भोक बारीक पुरे आणि धूर कमी. धोका मात्र न उडालेल्या बाराचा: पुढच्या पाळीची पहार त्यावर पडली की संपलं. बोगद्याच्या तोंडाशी भिंतीवर विजेरीचा उजेड तिरका टाका. दगडात अर्ध्या नळीसारख्या खोबणी दिसतात. ती त्या भोकांची उरलेली बाजू. अंगठा आत बसतो. खोबण तळापर्यंत सरळ आहे, म्हणजे पहार फिरवणाऱ्याचा हात शेवटपर्यंत चुकला नाही.

‘ड्रॅगन्स गेट’ इथे शंभर टक्के उतरते. त्यातला गावाहून आलेला मुलगा बर्फ, भूक, गारठलेली बोटं आणि हिमलोट यांच्याशी झगडतो. १८६६-६७ च्या हिवाळ्यात ४४ वादळं झाल्याची नोंद जॉन गिलिस या अभियंत्याने केली आहे. झोपड्यांपासून बोगद्यापर्यंत बर्फातूनच भुयारं काढली होती. मजूर कित्येक दिवस आभाळ न पाहता कामावर जात-येत. एका हिमलोटात पंधरा-वीस चिनी एकदम गेले, असंही तो लिहितो. १८६७ च्या ऑगस्टमध्ये बोगदा आरपार झाला आणि चारही तोंडं जुळली तेव्हा फरक साधारण दोन इंचांचा निघाला.

संपाचा प्रसंगही इथलाच. २५ जून १८६७ ला सिस्कोपासून ट्रकीकडच्या उतारापर्यंतच्या चिनी टोळ्या एकाच सकाळी काम सोडून तंबूत बसल्या. सुमारे तीन हजार माणसं. मागणी महिन्याला ४० डॉलरची, उघड्यावर दहा तास आणि बोगद्यात आठ तास कामाची. दंगा नाही, दारू नाही. मैलोगणती पसरलेल्या टोळ्यांना एकाच दिवशी थांबवणं मुकादमांच्या जाळ्याशिवाय शक्य नव्हतं. जे जाळं मजुराचं नाव मस्टरवर येऊ देत नव्हतं, त्याच जाळ्याने हा संप उभा केला. कंपनीचा बांधकामप्रमुख चार्ल्स क्रॉकर याने वरचा किराणा बंद केला. सात हजार फुटांवर शिकार करून तीन हजार माणसं जगत नाहीत. आठवड्याभरात संप मोडला. संप अचानक भडकलेल्या माथ्यांनी केला असं दाखवणाऱ्या लेखकांना हा शिस्तबद्ध थंडपणा निसटतो. माझ्या मते या मजुरांच्या मनाचा सगळ्यात स्पष्ट पुरावा हा संपच आहे.

जवळच्या रानात समिट कॅम्पची, म्हणजे मजुरांच्या वस्तीची, जागा आहे. तिथे हिरव्या आणि निळ्या नक्षीच्या भाताच्या वाडग्यांचे तुकडे, तपकिरी बरण्यांच्या खापऱ्या अजून मातीतून वर येतात. उचलायचं काही नाही, तो गुन्हा आहे. तुकडा जागेवर राहिला तरच चूल कुठे होती, झोपायचं कुठे, हे अभ्यासकांना कळतं. २०२१ मध्ये हे बोगदे आणि कॅम्प देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या ११ ऐतिहासिक ठिकाणांच्या यादीत आले. बोगद्यांच्या भिंतींवर मारलेले रंगाचे फवारे पाहिले की कारण विचारावं लागत नाही.

पाचवा दिवस : ट्रकी

ट्रकी आज गोंडस सुटीचं गाव आहे. कॉफी उत्तम मिळते. १८७८ च्या आगीनंतर चिनी वस्ती नदीपलीकडे हाकलण्यात आली. १८८६ मध्ये चार्ल्स मॅक्ग्लॅशन या संपादकाच्या पुढाकाराने चिन्यांना काम देणाऱ्या प्रत्येकावर बहिष्कार घातला गेला आणि काही आठवड्यांत गाव रिकामं झालं. बंदूक न चालवता माणसं घालवण्याचा हा मार्ग इतर गावांनी ‘ट्रकी पद्धत’ म्हणून उचलला. नदीपलीकडे विटांची एक लहान इमारत उरली आहे, चिनी वैद्याच्या जडीबुटीच्या दुकानाची. अर्ध्या तासात पाहून होतं. रेल्वेवरच्या बहुतेक कादंबऱ्या शेवटच्या खिळ्याशी, १० मे १८६९ ला, संपतात. ‘चायना मेन’ मात्र त्यापुढच्या हाकलाहाकलीपर्यंत जातं, आणि तेच बरोबर आहे.

सहावा दिवस : एंजल आयलंड

सॅन फ्रान्सिस्को उपसागरातलं हे बेट रेल्वेच्या मजुरांचं नव्हे, त्यांच्या नातवंडांचं. १८८२ च्या बंदी कायद्याने चिनी मजुरांना दार बंद केलं होतं. १९१० ते १९४० या काळात जे आले त्यांना इथे कोंडून तपासलं जाई. १९०६ च्या भूकंपाच्या आगीत जन्मनोंदी जळाल्या, तेव्हा अनेकांनी आपला जन्म इथलाच असल्याचं सांगितलं आणि कागदोपत्री मुलगे बोलावले. हे मुलगे खरे आहेत का, ते तपासायला अधिकारी विचारत: घराला पायऱ्या किती, तांदळाची कोठी कुठे, शेजारच्या घराचं दार कुठल्या दिशेला? उत्तरं पाठ करून यायची. बाप आणि मुलगा यांची उत्तरं जुळली नाहीत की परतीची बोट. तपासणी आठवडे, कधी महिने चाले.

पुरुषांच्या बराकीत लाकडी भिंतींवर चिनी कविता कोरलेल्या आहेत. अधिकारी त्या लांबी भरून आणि रंग फासून बुजवत राहिले. त्या थरांनीच लाकूड सांभाळलं. १९७० मध्ये इमारत पाडायच्या बेतात असताना अलेक्झांडर वाइस या रेंजरच्या त्या नजरेस आल्या आणि बराक वाचली. अक्षरं दुपारपेक्षा सकाळच्या तिरप्या उजेडात नीट वाचता येतात. हात लावू नये. रेल्वेच्या मजुराचं एक अक्षर मिळत नाही आणि इथे भिंतीच्या भिंती भरलेल्या आहेत, म्हणून रेल्वेवर लिहू पाहणाऱ्याने मजुराचा आवाज कसा असेल ते शोधायला इथेच यावं. गाव तेच, बोली तीच, कर्ज काढून केलेला प्रवास तोच.

फेरी टिबुरॉनहून आणि सॅन फ्रान्सिस्कोहून सुटते. सकाळची पहिली धरावी. अयाला कोव्हच्या धक्क्यापासून बराकीपर्यंत दीड मैल चाल आहे, पैकी सुरुवातीचा चढ दमवतो. बराकीचं संग्रहालय दुपारी लवकर बंद होतं आणि सोमवार-मंगळवारी बहुधा उघडत नाही. वाऱ्यासाठी जाकीट हवं. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ उतरतानाच पाहून ठेवावी, कारण ती चुकली तर बेटावर राहायला तंबूच्या आधी नोंदवलेल्या जागेशिवाय सोय नाही.